जुन्या गाडीच्या सस्पेन्शनमधले अडचणीतले नट कसे आवळायचे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या गाड्यांवर स्वतः काम करणाऱ्यांकडून हे प्रश्न सतत येतात, म्हणून ते एकत्र केले आहेत. सुरुवातीचे प्रश्न नव्याने पाना हातात घेतलेल्यांसाठी आहेत आणि पुढे पुढे अपवाद येतात. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध आहे तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. नट अशा जागी आहे की पाना नीट बसतच नाही. जमेल तेवढा घट्ट केला तर चालणार नाही का?

नाही. सस्पेन्शनचा बोल्ट म्हणजे नुसती खुंटी नव्हे. नट आवळला की बोल्ट किंचित ताणला जातो आणि ब्रॅकेटचे दोन्ही गाल बुशच्या (सांध्यात बसवलेल्या रबरी तुकड्याच्या) आतल्या लोखंडी नळीला करकचून धरतात. गाडीचा भार पेलते ती ही पकड, म्हणजे त्या पृष्ठभागांमधलं घर्षण. पकड कमी पडली की दर खड्ड्यात नळी गालांमध्ये सरकते आणि बोल्ट आडवा मार खातो. मग ब्रॅकेटचं गोल भोक लांबट होतं. भोक एकदा लांबट झालं की नुसता नवा नट लावून काही उपयोग होत नाही. ब्रॅकेट वेल्डिंग करून पुन्हा भोक पाडावं लागतं.

उलट्या बाजूची चूकही होते. अडचणीत जोर मोजता येत नाही म्हणून पान्याला पाइप लावून कचकून पिळलं, तर बोल्ट एवढा ताणला जातो की पुन्हा मूळ लांबीवर येत नाही. तो बाहेरून धडधाकट दिसतो आणि पुढे कधीतरी तुटतो. ज्या नटापर्यंत हात सहज पोचतो तो बहुतेक वेळा बरोबर आवळलेला सापडतो. सैल किंवा पिळून मारलेला निघतो तो नेहमी आडबाजूचा. म्हणून खरा वेळ त्याच्यावर घालवा.

२. कोणती हत्यारं जवळ असायलाच हवीत?

खोल वाकाचा रिंग पाना, अर्धा इंच, पाव इंच आणि तीन अष्टमांश इंच चौकाचे सॉकेट, वेगवेगळ्या लांबीची एक्स्टेन्शन, एक लवचीक सांधा, बारीक दात्यांचा रॅचेट पाना, क्रोफूट जोड (बाजूने नटावर सरकणारं, दांडा नसलेलं पान्याचं डोकं) आणि टॉर्क रेंच (ठरवलेल्या टॉर्कला, म्हणजे पिळाच्या जोराला, खटका देणारा पाना). सॉकेट घेताना सहा कोनी घ्या, कारण बारा कोनी सॉकेट गंजलेल्या नटाचे कोपरे लवकर खातो. रिंग पान्याचं मात्र उलट आहे. अडचणीच्या जागी बारा कोनीच सोयीचा, कारण तो ३० अंशांवर पुढचा खाचा पकडतो. ७२ दात्यांच्या रॅचेट पान्याला तर ५ अंश फिरायला मिळाले तरी पुरतात.

याशिवाय लांब दांड्याचा छोटा आरसा आणि डोक्याला बांधायचा दिवा ठेवा. आरसा बसत नाही तिथे फोन आत सरकवून फोटो काढा. नट डोळ्यांनी पाहिल्याशिवाय त्याला पाना लावू नका.

३. गाडी ब्रिटिश आहे आणि माझ्याकडचे पाने मिलिमीटरचे. काही पाने बसतात, मग वापरायला काय हरकत आहे?

काही पाने खरंच चालतात, काही नटाचा जीव घेतात. तीन चतुर्थांश इंच म्हणजे १९.०५ मिमी, त्यामुळे १९ चा चांगला पाना किंचित ओढून बसतो. पाच अष्टमांश म्हणजे १५.८८ मिमी, तिथे १६ चा चालून जातो. पण अर्धा इंच म्हणजे १२.७ मिमी. त्यावर १३ चा पाना डुगडुगतो आणि अडचणीत थोडा तिरका बसला की कोपरे गोल करून सोडतो. नऊ सोळांश (१४.२९ मिमी) आणि अकरा सोळांश (१७.४६ मिमी) या मापांना मिलिमीटरमध्ये जोडीदारच नाही.

गाडी किती जुनी आहे तेही बघा. ब्रिटन, अमेरिका आणि कॅनडा यांनी १९४८ मध्ये एकसमान आट्यांचं प्रमाण मान्य केलं. त्यानंतरच्या दशकात ब्रिटिश गाड्या हळूहळू यूएनएफ (बारीक) आणि यूएनसी (जाड) या एकसमान आट्यांवर गेल्या. त्याआधीच्या गाड्यांवर व्हिटवर्थ आणि बीएसएफ हे जुने ब्रिटिश आटे असतात. त्यांचे पाने पूर्ण वेगळे, कारण त्यांच्यावर लिहिलेलं माप नटाच्या कडांमधलं नसून बोल्टच्या जाडीचं असतं. हाताला सहज येणाऱ्या नटावर चुकीचा पाना कदाचित निभेल. सबफ्रेमच्या (सस्पेन्शन धरणाऱ्या खालच्या चौकटीच्या) पोटात दडलेल्या नटाचे कोपरे गेले तर पूर्ण दिवस जातो.

४. "बुशचे नट गाडी जमिनीवर उभी असतानाच आवळा" असं मॅन्युअलमध्ये लिहिलंय. का?

या सगळ्या प्रश्नांमध्ये हा सर्वांत महत्त्वाचा आहे, म्हणून सविस्तर सांगतो.

रबरी बुशमध्ये बाहेरची नळी आर्ममध्ये (चाकाला चासीशी जोडणाऱ्या, वर-खाली हलणाऱ्या दांड्यात) घट्ट बसवलेली असते, आतली नळी बोल्टवर असते आणि दोन्हींच्या मध्ये रबर असतं. नट आवळला की आतली नळी ब्रॅकेटला जखडली जाते. त्यानंतर आर्म वर-खाली होतो तो कुठे घसरून नव्हे, तर रबर पिळून. जसं ओलं फडकं एका टोकाला धरून दुसऱ्या टोकाने पिळावं तसं. नट आवळताना आर्म ज्या कोनात असेल तो रबराचा "आरामाचा" कोन ठरतो.

आता गाडी जॅकवर आहे, चाक लोंबतंय आणि तुम्ही नट कसलात असं समजा. रबराला वाटतं की आराम म्हणजे लोंबणं. गाडी खाली उतरवली की आर्म वर जातो आणि रबर उभ्या गाडीतही सतत पिळलेलं राहतं. खड्डा आला की ते आणखी पिळलं जातं. बऱ्याच गाड्या अशा वेळी एक-दोन सेंटिमीटर उंच उभ्या राहतात आणि मालक नव्या स्प्रिंगला दोष देतो. काही महिन्यांत रबराच्या कडेला, नळीला लागून, चंद्रकोरीसारखी चीर दिसू लागते.

माझ्या पहिल्या जुन्या गाडीचे खालच्या आर्मचे बुश मी असेच लोंबत्या चाकांनी आवळले होते. वर्षभरातच रबर नळीपासून सुटलं आणि ब्रेक दाबला की गाडी एका बाजूला सरकायची. बुश काढून हातात घेतले तेव्हा दोन्हींवर अगदी एकाच जागी सारखीच चीर होती. रबर चांगल्या प्रतीचं होतं. मीच त्याला चुकीच्या कोनात जन्मभरासाठी बांधून टाकलं होतं.

हा नियम रबर जोडलेल्या बुशांना लागू आहे. त्याचे अपवाद प्रश्न ५ आणि १६ मध्ये आहेत.

५. पण गाडी जमिनीवर उतरवली की त्या नटापर्यंत हातच जात नाही! मग करायचं काय?

गाडी वर असली तर हात जातो पण कोन चुकतो, आणि खाली असली तर कोन बरोबर पण हात जात नाही. हा पेच सोडवायचे तीन मार्ग आहेत. परिस्थितीनुसार मी तिन्ही वापरतो.

कोणत्याही मार्गाआधी एक माप घ्या. गाडी सपाट जमिनीवर उभी करा, चारही कोपरे दाबून दोन-तीनदा हलवा, थोडी पुढे-मागे ढकला आणि मग चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर चारही चाकांवर मोजून लिहून ठेवा. हे माप काम सुरू करण्यापूर्वी घ्यायचं. गाडी उघडल्यावर ते परत मिळत नाही.

पहिला मार्ग म्हणजे गाडी तिच्याच चाकांवर, पण उंचावर उभी करणं. चारही चाकांखाली रॅम्प किंवा जाड भरीव लाकडी ठोकळ्यांची आडवी-उभी रचना करा. विटा किंवा पोकळ काँक्रीटचे ठोकळे अजिबात नकोत, ते न सांगता फुटतात. सस्पेन्शन आपल्या जागी राहतं आणि खाली शिरायला जागा मिळते. ज्यांचा नट खालून किंवा आतल्या बाजूने येतो त्यांचं काम इथेच होतं.

दुसरा मार्ग चाक काढूनच पोचता येणाऱ्या नटांसाठी. गाडीचं अंग भक्कम स्टँडवर ठेवा, चाक काढा, खालच्या आर्मच्या बाहेरच्या टोकाखाली जॅक लावा आणि हबच्या मध्यापासून मडगार्डपर्यंतचं अंतर लिहून ठेवलेल्या मापाइतकं होईपर्यंत आर्म उचला. गाडी स्टँडवरून उचलली जायला लागली तर थांबा. इंजिन बसवलेलं नसेल तर असं हमखास होतं, कारण पुढचा भारच नसतो. अशा गाडीत नट फक्त हाताने टेकवून ठेवा आणि इंजिन बसल्यावर पुन्हा या कामाला या. आर्मखाली जॅक असताना त्याच्या वर डोकं किंवा हात घालू नका. स्प्रिंग दाबलेली असते.

तिसरा मार्ग मला सर्वांत आवडतो, पण तो गाडी पूर्ण उघडलेली असतानाच मिळतो. स्प्रिंग आणि शॉकअब्सॉर्बर बसवण्याआधी आर्म मोकळा हलतो. तेव्हाच त्याला लाकडाच्या तुकड्याने उभ्या गाडीच्या कोनात अडकवा आणि नट पूर्ण टॉर्कवर आवळून टाका. आजूबाजूला काहीही नसतं, सॉकेट सरळ बसतं, टॉर्क रेंचला पूर्ण फेरा मिळतो. नंतर स्प्रिंग घालताना आर्म खाली लोंबतो आणि रबर थोडा वेळ पिळलं जातं, पण ते गाडी जॅकवर घेतल्यासारखंच आहे. फक्त स्प्रिंग घालण्यासाठी आर्म नेहमीच्या लोंबण्यापेक्षा फार खाली न्यावा लागत असेल, तर हा मार्ग सोडा. तेवढ्या पिळाने रबर फाटू शकतं.

ज्या गाड्यांचा पूर्ण क्रॉसमेंबर (सस्पेन्शन धरणारा आडवा तुळईसारखा भाग) किंवा मागचा सांगाडा निघतो, त्यांत बाकावर काम करणंच शहाणपणाचं. एमजीबीचा पुढचा क्रॉसमेंबर असा निघतो. १९६१ च्या जग्वार ई-टाइपची मागची सस्पेन्शन पोलादी पिंजऱ्यात बसवलेली आहे आणि आतले बरेच नट पिंजरा खाली उतरवल्याशिवाय नीट हाताला येत नाहीत.

प्रत्येक सांध्याला हा नियम लावत बसू नका. मूळ मिनीचा वरचा आर्म सुयांच्या बेअरिंगवर फिरतो, रबरावर नाही, त्यामुळे तो कोणत्याही उंचीवर आवळा. खालचा आर्म मात्र रबरी बुशवर आहे, त्याला नियम लागू. पाट्यांच्या मागच्या सस्पेन्शनमध्ये ग्रीस निपल असलेल्या लोखंडी पिना असतील तर उंचीचा प्रश्न येत नाही, रबरी बुश असतील तर येतो.

६. सॉकेट बसत नाही, म्हणून क्रोफूट लावतो. टॉर्क रेंचवर आकडा तोच ठेवायचा का?

क्रोफूट रेंचच्या रेषेत पुढे लावला तर नाही. लिव्हर लांब झाली, म्हणजे रेंच ६८ न्यूटन-मीटरला खटका देईल तेव्हा नटावर त्याहून जास्त पडलेले असतील. हिशेब असा: हवा तो टॉर्क गुणिले रेंचची लांबी, भागिले रेंचची लांबी अधिक क्रोफूटची लांबी. रेंचची लांबी मुठीच्या मध्यापासून चौकाच्या मध्यापर्यंत मोजा, क्रोफूटची चौकाच्या मध्यापासून नटाच्या मध्यापर्यंत.

उदाहरणार्थ, मॅन्युअल ५० पाउंड-फूट म्हणतं, म्हणजे सुमारे ६८ न्यूटन-मीटर. रेंच ४०० मिमी, क्रोफूट ४० मिमी. ६८ × ४०० ÷ ४४० म्हणजे ६२ च्या जवळ. रेंच ६२ वर लावा.

जागा देत असेल तर सोपा उपाय म्हणजे क्रोफूट रेंचला काटकोनात लावणं. मग लांबी जवळजवळ बदलत नाही आणि आकडा तोच ठेवता येतो. मी आधी काटकोन जमतो का ते बघतो, नाही जमला तरच गणित करतो.

७. लांब एक्स्टेन्शन किंवा लवचीक सांधा लावला तर?

सरळ एक्स्टेन्शन नटाच्या अक्षातच फिरतं, त्यामुळे आकडा बदलायचा नाही. ते थोडं पिळल्यासारखं वाटतं, पण शेवटी नटावर पोचणारा टॉर्क तोच. फक्त धक्का न देता सावकाश ओढा. लवचीक सांधा थोडा तिरका असेल तर चालतो. फार तिरका झाला की फेऱ्याच्या वेगवेगळ्या भागांत जोर कमी-जास्त होतो आणि खटक्यावर विश्वास ठेवता येत नाही. अशा वेळी नट बसवायला सांधा वापरा आणि शेवटचं आवळणं प्रश्न ६ किंवा ८ च्या पद्धतीने करा.

८. टॉर्क रेंच आत जातच नाही. अंदाजानेच आवळावं लागणार ना?

बिलकुल नाही. सामान तोलायचा हुकवाला डिजिटल काटा घ्या. टॉर्क म्हणजे जोर गुणिले अंतर, तेव्हा साध्या रिंग पान्याला काटा अडकवून ओढला की झाला टॉर्क रेंच.

६८ न्यूटन-मीटर हवेत आणि नटाच्या मध्यापासून हुकापर्यंत २५० मिमी अंतर आहे. ६८ भागिले ०.२५ म्हणजे २७२ न्यूटन, म्हणजे सुमारे २७.७ किलो. काटा २७-२८ दाखवेपर्यंत ओढा. ओढण्याची दिशा नटाच्या मध्यापासून हुकापर्यंतच्या रेषेला काटकोनात हवी. तिरकं ओढलं तर काटा जास्त दाखवतो आणि नट सैल राहतो. पान्याचं डोकं दुसऱ्या हाताने नटावर दाबून धरा, नाहीतर ते निसटतं.

या पद्धतीत पान्याचा आकार कसाही चालतो. खोल वाकाचा असो, घरी तापवून वाकवलेला असो, महत्त्वाचं ते फक्त नटाचा मध्य ते हूक हे सरळ अंतर. अडचणीतल्या नटासाठी वाकडा केलेला पाना मग निर्धास्त वापरता येतो. मात्र पाना तापवला की त्याचं पाणी उतरतं आणि तो मऊ पडतो, म्हणून असा पाना त्या एका नटापुरताच ठेवा.

काटाही लावायला जागा नसेल तर शेवटचा उपाय: तेवढ्याच जाडीचा, हाताला येणारा दुसरा बोल्ट व्हाइसमध्ये धरून टॉर्क रेंचने त्याच आकड्यावर आवळा. मग ज्या पान्याने अडचणीतला नट आवळायचा आहे तोच त्यावर लावून हाताला किती जोर लागतो ते पाच-सहा वेळा अनुभवा आणि लगेच गाडीखाली जा. अर्ध्या तासाने हात विसरतो.

९. नट आट्यावर धरतच नाही, पुन्हा पुन्हा खाली पडतो. एका हाताचीच जागा आहे.

नट सॉकेटमध्ये घट्ट बसेल असा कागदाचा तुकडा मध्ये घाला, किंवा रिंग पान्याच्या एका बाजूला कागदी चिकटपट्टी लावून तिच्यावर नट बसवा. वॉशर ग्रीसच्या थेंबाने नटाला चिकटतो. पण ग्रीस आट्यांना लागू देऊ नका (प्रश्न १३).

नट आधी उलटा फिरवा. आट्याचं टोक जुळलं की बारीक "टिक" जाणवते. तिथून सुलटा फिरवा. पहिले तीन फेरे बोटांनीच गेले पाहिजेत. नाही गेले तर आटे तिरके बसताहेत, जोर लावू नका. बोल्टवर भार असेल तर नट आणखी छळतो, म्हणून आर्म जॅकने थोडा वर-खाली करून बोल्ट मोकळा फिरेल असा बघा.

१०. नटाकडे पाना जात नाही, पण बोल्टच्या डोक्याकडे जातो. डोकं फिरवून आवळलं तर?

चालतं, पण मॅन्युअलचा आकडा सहसा नट फिरवण्यासाठी असतो. डोकं फिरवताना बोल्टची दांडी बुशच्या नळीत घासते आणि थोडा टॉर्क तिथे खाल्ला जातो. दांडी स्वच्छ करून तिच्यावर पातळसा ग्रीसचा हात फिरवा, आट्यांवर नाही. नट फिरू नये म्हणून त्याला पाना लावून पान्याचं टोक चासीला टेकवून ठेवा. गाडी खाली घेण्यापूर्वी तो पाना काढायला विसरू नका. मी त्याला नेहमी लाल चिंधी बांधतो.

११. बॉल जॉइंटचा नट आवळला की आतली पिनच फिरते. नट घट्ट होत नाही.

पिनचा निमुळता भाग भोकात दाबून धरला गेलेला नाही. आधी भोक आणि पिन दोन्ही पुसून कोरडे करा, निमुळत्या भागाला ग्रीस लावायचं नसतं. मग जॉइंटच्या पाठीखाली जॅक लावून पिन वर दाबा आणि नट आवळा. नायलॉक नट (सैल होऊ नये म्हणून आत नायलॉनची कडी असलेला) असेल तर त्याचं नायलॉन पिनला सोबत फिरवतं, म्हणून त्याच आट्यांचा साधा नट लावून पिन बसवून घ्या, काढा आणि मग नवा नायलॉक लावा. तरीही पिन फिरत असेल तर भोक झिजलंय. तिथे हुशारी करू नका, तो भाग बदला.

१२. टॉर्क पूर्ण झाला पण स्प्लिट पिनचं भोक नटाच्या खाचेत येत नाही. थोडा सैल करू?

सस्पेन्शनच्या खाचवाल्या नटात कधीच नाही. पुढची खाच येईपर्यंत आणखी आवळा. सहा खाचांच्या नटाला जास्तीत जास्त ६० अंश लागतात. तेवढंही फार वाटत असेल तर नट काढून थोड्या वेगळ्या जाडीचा वॉशर घाला. आरशात पाहून पिन घालता येत नसेल तर नट आवळण्याआधी बोल्ट असा फिरवून ठेवा की भोक तुमच्याकडे येईल. चाकाच्या बेअरिंगचा नट या नियमाला अपवाद आहे, प्रश्न १७ पहा.

१३. आट्यांना तेल लावावं का? जुने नायलॉक आणि स्टेनलेस बोल्ट वापरू का?

टॉर्कचा साधारण निम्मा भाग नटाच्या तळाशी घासण्यात जातो, सुमारे ४० टक्के आट्यांमध्ये आणि बोल्ट ताणायला उरतात दहाएक टक्के. आट्यांना तेल लावलं की घासणं कमी होतं आणि त्याच आकड्यावर बोल्ट बराच जास्त ताणला जातो. मॅन्युअलने तेल सांगितलं नसेल तर आटे स्वच्छ आणि कोरडे ठेवा.

नायलॉक प्रत्येक वेळी नवाच घ्या. शेवटपर्यंत बोटांनी फिरणारा नायलॉक मेलेला आहे. अडचणीच्या जागी तर जुना लावूच नका, कारण तो सैल झालेला दिसणारही नाही. नायलॉन १२० अंश सेल्सिअसच्या आसपास कमकुवत होतं, म्हणून एक्झॉस्टजवळ पूर्ण धातूचा लॉकनट लावा.

स्टेनलेस चकचकीत दिसतं, पण सस्पेन्शनमध्ये नको. नेहमी मिळणारा ए२-७० प्रतीचा बोल्ट ४५० मेगापास्कलला कायमचा ताणला जातो, तर ८.८ प्रतीचा नेहमीचा पोलादी बोल्ट ६४० ला. शिवाय स्टेनलेसचे आटे आवळता आवळता एकमेकांत चिकटून बसतात, आणि तेही नेमके अशा जागी की जिथे कापायला करवत जात नाही.

१४. जुना नट जागचा हलत नाही.

आधी तारेच्या ब्रशने बाहेर आलेले आटे साफ करा. नाहीतर नट सुटून त्याच गंजावर पुन्हा अडकेल. गंज सोडवणारं तेल दोन-तीन दिवस सकाळ-संध्याकाळ लावा. मग आधी किंचित आवळा. गंजाचा थर मोडला की हलकी "कट" ऐकू येते, त्यानंतर सोडवा. नट तापवून सोडवायचा असेल तर रबर, ब्रेकची नळी, पेट्रोलची नळी आणि गॅसचे शॉकअब्सॉर्बर यांच्या जवळ आग नको.

नट निघाला पण बोल्ट निघत नाही, आणि डोकं फिरवलं की स्प्रिंगसारखं परत येतं? मग बोल्ट बुशच्या नळीत गंजून धरलाय आणि तुम्ही रबर पिळताय. तेल तिथे पोचत नाही. ब्रॅकेट आणि बुशच्या फटीत करवतीचं पातं घालून बोल्ट दोन्हीकडून कापणं हाच खात्रीचा मार्ग.

१५. शॉकअब्सॉर्बरच्या वरच्या दांडीचा नट आवळताना दांडीच फिरते. आणि टॉर्क किती?

दांडीच्या टोकाला चपट्या कडा किंवा षट्कोनी खड्डा असतो. तो धरून खोल वाकाच्या रिंग पान्याने नट फिरवा. चकचकीत दांडीला पकड लावू नका, ओरखडा पडला की सील गळतं. रबरी चकत्यांच्या जोडात बऱ्याचदा टॉर्कचा आकडा नसतोच. रबर फुगून वॉशरच्या व्यासाएवढं झालं की थांबा आणि वर दुसरा नट जाम करा.

मॅकफर्सन स्ट्रटचा (स्प्रिंग आणि शॉकअब्सॉर्बर एकत्र असलेल्या खांबाचा) मधला नट वेगळा आहे. तो स्प्रिंगला धरून असतो. स्प्रिंग कंप्रेसरने दाबलेली नसताना तो सोडवला तर जीवावर बेतू शकतं.

१६. पॉलियुरेथेन बुश घातलेत. प्रश्न ४ चा नियम लागू आहे का?

नाही. यात नळी पॉलियुरेथेनच्या आत फिरते, त्यामुळे कोणत्याही उंचीवर आवळा. सोबत दिलेलं ग्रीस भरपूर लावा. आवळण्याआधी नळी बुशपेक्षा किंचित लांब आहे ना ते पाहा. आखूड असेल तर ब्रॅकेट नळीऐवजी बुशलाच चिमटतो, आर्म जड होतो आणि बोल्टला खरी पकड मिळतच नाही. सबफ्रेमच्या अडचणीत नट काही केल्या "बसल्यासारखा" वाटत नसेल तर पहिला संशय यावर घ्या.

१७. असे काही नट आहेत का, जे घट्ट करायचेच नसतात?

आहेत, आणि त्यांच्यावर टॉर्क रेंच चालवणं मोठी चूक ठरते. ट्रायम्फ हेराल्ड आणि स्पिटफायर यांच्या पुढच्या चाकाचा उभा दुवा आट्यांनी खालच्या ट्रनियनमध्ये (फिरत्या आधारात) फिरतो. तो पूर्ण आत फिरवून मग थोडा मागे घेतात, म्हणजे स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळतं. त्यात ग्रीस नव्हे, गिअरचं जाड तेल घालतात. चाकाच्या बेअरिंगचा नट आवळून, चाक फिरवून, मग मागे सोडायचा असतो. जिथे वळणं हेच काम आहे तिथे मॅन्युअलमधली पूर्ण ओळ वाचा, नुसता आकडा नको.

१८. सबफ्रेमच्या आत बसवलेला नट बोल्टबरोबर गरगर फिरतोय.

पेटीसारख्या भागातल्या पत्र्याच्या खोबणीतला हा नट गंजाने मोकळा होतो. बोल्टच्या डोक्याखाली पहार घालून बाहेर ओढत फिरवा, कधी कधी एवढ्यानेही नट अडतो. नाहीच जमलं तर पेटीच्या सपाट बाजूला, कडा आणि वेल्डिंगच्या रेषांपासून दूर, पान्यापुरती खिडकी कापा, काम करा आणि पत्रा पुन्हा वेल्ड करून बंद करा. बोल्ट घालण्याआधी आटे टॅपने (आटे पाडायच्या हत्याराने) साफ केले आणि पहिले फेरे बोटांनी दिले, तर सहसा ही वेळ येत नाही.

१९. मॅन्युअल नाही. टॉर्कचा आकडा कुठून आणू?

बोल्टच्या जाडीवरून आणि प्रतीवरून. कोरड्या आट्यांचा ८.८ प्रतीचा एम८ (म्हणजे ८ मिमी जाडीचा) सुमारे २५ न्यूटन-मीटर, एम१० साधारण ४५ ते ५०, एम१२ सुमारे ८० घेतो. इंची बोल्टच्या डोक्यावर तीन रेघा म्हणजे ग्रेड ५, तो ८.८ च्या जवळचा. सहा रेघा म्हणजे ग्रेड ८. एक पाउंड-फूट म्हणजे १.३५६ न्यूटन-मीटर, एक किलोग्रॅम-मीटर म्हणजे ९.८१. हे आकडे लोखंडावर लोखंड असलेल्या जोडांसाठीच आहेत. रबरी चकत्या (प्रश्न १५) आणि फिरते सांधे (प्रश्न १७) यांना ते लावू नका.

२०. सगळं बरोबर आवळलं होतं, तरी २०० किलोमीटरनंतर तोच नट सैल निघाला.

गाडी नुकतीच रंगवली असेल तर कारण बहुधा रंगच. ब्रॅकेटच्या गालांवर जाड पावडर कोटिंग असेल तर पकडीखाली ते हळूहळू चेपतं आणि बोल्टचा ताण निघून जातो. नळी आणि वॉशर जिथे टेकतात तेवढ्या गोलातला रंग खरवडून काढा, उघड्या लोखंडावर अगदी पातळ प्रायमर पुरे.

पाट्यांच्या यू बोल्टचंही असंच होतं. पाटे, मधली चकती आणि अ‍ॅक्सल एकमेकांत बसत जातात. चारही नट फुलीच्या क्रमाने थोडे थोडे आवळा आणि काहीशे किलोमीटरनंतर पुन्हा तपासा.

आवळून झालेल्या प्रत्येक नटावर नट आणि ब्रॅकेट दोन्हींना छेदणारी पिवळ्या रंगाची एक रेघ ओढून ठेवा. अडचणीतल्या नटाची रेघ अशा बाजूला ओढा की आरशात किंवा फोनच्या फोटोत ती दिसेल. पुढच्या वेळी पाना न लावताही कळतं: रेघ सरळ असेल तर नट जागेवर आहे, तुटलेली दिसली तर गाडी वर घ्या.